वाचलं, ठीक आहे

मशीन पुन्हा कोसळलं. कोसळलं म्हणजे काही धडाम वगैरे वाजलं नाही. पडद्यावरची अक्षरं थिजली आणि खाली एक लाल ओळ उमटली, एवढंच. ती ताडकन उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

हे मशीन लोखंडाचं नव्हतं. तो प्रोग्राम होता, दुसरे प्रोग्राम चालवणारा. बाबांनी एक छोटी संगणकभाषा तयार केली होती. तिच्यात लिहिलेलं काहीही चालायचं ते याच्याच पोटात. नोकरी सांभाळून त्यांनी हे सगळं उभं केलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. कोणीही घ्या, कोणीही सुधारा. आता देशोदेशीचे लोक त्यात हात घालत होते आणि चर्चेच्या पानावर एकमेकांच्या झिंज्या उपटत होते.

आज सगळ्यांना एकच माणूस हवा होता. संध्याकाळी नवी आवृत्ती निघायची होती आणि मशीन मध्येच मान टाकत होतं. 'कावळा' या टोपणनावाचा एक जुना गडी सगळ्यांत जास्त पेटला होता. "ज्याने हा घोळ घातलाय त्याची किल्ली काढून घ्या," त्याने लिहिलं. किल्ली म्हणजे मूळ कोडमध्ये बदल करायचा अधिकार. खाली भराभर अंगठे उमटले. रागाच्या भरात तिनेही एक ठोकला.

चूक शोधायची पद्धत सोपी होती, पण जीव काढणारी. गेल्या काही महिन्यांतले सगळे बदल ओळीने घ्यायचे. बरोबर मधला उचलायचा. तिथवरचं मशीन नीट चाललं तर चूक पुढच्या अर्ध्यात, कोसळलं तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. ताटातलं जेवण निवून गेलं. शेवटी एकच बदल उरला. त्यावर बाबांचं नाव होतं.

"छे, काहीतरीच!" ती स्वतःशीच म्हणाली. पहिल्यापासून पुन्हा तपासलं. पुन्हा बाबाच.

चूक अगदी साधी होती, म्हणून जास्त भीती वाटली. मशीन अधूनमधून स्वतःची साफसफाई करतं, नको ते फेकून देतं. जे पुढे लागणार आहे त्यावर आधी खूण करून ठेवावी लागते. बाबा खूण करायला विसरले होते. मशीनने हवं तेच फेकलं आणि पुढे भलतीकडेच जाऊन आपटलं. हे काम तिला शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खूण विसरलीस तर मेलीस."

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मागे एकदा त्यांची अशीच चूक तिने गुपचूप सावरली होती. घरात त्यांच्या हातून गॅस चालू राहत होता. परवा एकच बातमी त्यांनी आईला पुन्हापुन्हा सांगितली. आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

बदलाखाली तिचाच शेरा होता: "वाचलं, ठीक आहे." हा शेऱ्याचा नियम बाबांनी गेल्या वर्षी आणला होता. "कोणाचाही बदल दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आत घ्यायचा नाही, अगदी माझासुद्धा," असं ते म्हणाले होते. त्यांचे बदल वाचायचं काम तिच्याकडे होतं. पण बाबांचं काय वाचायचं? ज्याने मशीन बांधलं त्यालाच शहाणपण शिकवायचं? त्यांचं नाव दिसलं की ती शेरा टाकून मोकळी व्हायची. आताही तिची नजर त्यावरून सरकून पुढे गेली.

"सापडला का बहाद्दर?" कावळ्याने विचारलं.

तिने उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आता हे सगळे मिळून बाबांना फाडून खाणार. त्याआधी घरातल्या घरात कळलेलं बरं. किल्ली आपणच मागून घ्यावी. पण कुठल्या तोंडाने मागायची?

आई दारात उभी होती. "मघापासून भिंगरीसारखी फिरतेयस. काय असेल ते बोलून टाक त्यांच्याशी."

पलीकडच्या खोलीत बाबा गुणगुणत कोड लिहीत होते.

"बाबा, बग सापडला."

"अरे वा! कोणाचा?"

"तुमचा."

त्यांनी चष्मा वर सारला आणि तिने दाखवलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. "हो की. खूणच नाही केली." ते ना चिडले, ना ओशाळले. चक्क हसले. त्या हसण्याने तिचा बांधच फुटला.

"हसताय काय, बाबा? हल्ली तुम्ही विसरता! माझ्याच्याने नाही बघवत. लोक उद्या वाट्टेल ते बोलतील. ती किल्ली द्या माझ्याकडे. बास झालं आता!"

बोलून गेली आणि तिला रडूच कोसळलं. आता ते भांडतील, अबोला धरतील, असं तिला वाटलं. बाबांनी दोन-चार कळा दाबल्या. त्यांच्या नावापुढचा अधिकार गेला.

"झालं. रडू नकोस गं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. तुम्हा दोघींना घोर नको म्हणून बोललो नाही. खरं तर तेव्हाच सगळं थांबवणार होतो."

"मग थांबला का नाहीत?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हटलं, मी विसरलो तर विसरलो, माझी एकेक ओळ तू वाचतेयस ना."