शहाण्यासारखा

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी भलतंच केलं. गोळी द्यायची की नाही, हे त्यांनी सपनालाच विचारलं.

सपना गोंधळली. शेजारी बसलेले तिचे सासरे प्रभाकरराव त्याहून गोंधळले. पुलगावात त्यांचं भांड्यांचं दुकान. एवढ्या सकाळी एस्टी पकडून सावंगीच्या दवाखान्यात यायचं, नंबर लावून ताटकळायचं आणि डॉक्टरनंच विचारायचं, बोला, काय करू? दुकानदारानं गिऱ्हाइकाला भाव विचारावा, तशातला प्रकार.

दोघांच्या मध्ये सहा वर्षांचा प्रज्वल बसला होता. सगळं त्याच्यापायी. शाळेतल्या पोरांना तो चावायचा, बाईंना लाथा घालायचा. शाळेनं हात टेकले होते. परवा त्यानं रागाच्या भरात पितळी तांब्या भिरकावला, तो पाळण्यातल्या बहिणीला, आकांक्षाला लागला. आठ महिन्यांच्या पोरीच्या भुवईवर टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. अर्धी गोळी, रात्री, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून सांगितलं. राग आवरायला मदत होईल. झोप येईल, भूक वाढेल, कदाचित पोरगा मंद वाटेल. घरच्यांनाही वागायची रीत शिकावी लागेल. गोळीशिवायही काही दिवस बघता येईल, पण मग बाळाला त्याच्याजवळ क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

सपनाच्या डोळ्यांपुढे दुसराच प्रज्वल आला. दुकानातल्या वाट्यांवर वाट्या रचून, उतरंड पडली नाही म्हणून स्वतःच टाळ्या पिटणारा. हसला तरी घर डोक्यावर घेणारा.

"मॅडम, गोळीले समजते का, त्याच्यातलं काय काढाचं न काय ठेवाचं?"

"नाही समजत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आपण लक्ष ठेवायचं. बाहेर बसा, विचार करा. घाई नाही."

सपनाला बाई आवडल्या. पण त्या थोडं खोटं बोलल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. तिघं तिथं येऊन बसली. प्रभाकररावांनी नव्या मोबाइलवरून दुकानात फोन लावला. प्रज्वलच्या बापानं, धर्मेंद्रनं, सगळं ऐकून घेतलं आणि बाबा म्हणतील तसं करा म्हणून मोकळा झाला. आता बाबा काय म्हणतात म्हणून सपना त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. भिंतीच्या रंगापासून सुनेच्या माहेरपणापर्यंत त्या घरातलं सगळं याच माणसानं ठरवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"आपल्याले त्यातलं काय समजते? तू माय होय. तूच ठरव."

आज भाजी कोणती करायची, हेसुद्धा तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. आज मात्र सगळ्यांनी तिला मान दिला होता. सपनाला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. दिली तर हसरं पोरगं गुंगीत जाणार. नाही दिली तर पोरीचा डोळा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि कडेवर दोन लेकरं.

प्रभाकररावच मग नातवाकडे बघत म्हणाले, "पाह्य बरं, इथं आल्यापासून कसा शहाण्यासारखा बसून राह्यला. पागलाची गोळी द्याची याले? याले धाक पाह्यजे, दुसरं काई नाई."

खरंच की. सपनानं आत्ता पाहिलं. दवाखान्यात पाय ठेवल्यापासून त्यानं लाथ मारली नव्हती, किंकाळी फोडली नव्हती. दोन्ही हात मांडीखाली घालून गुमान बसला होता. घरी ज्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, तो हाच का? डॉक्टरीणबाईंना आपण उगाच वाढवून सांगितलं, असं तिला वाटलं. बसू शकतो की पोरगा. छाती एकदम हलकी झाली. तिनं औषधाची चिठ्ठी घडी घालून मुठीत घेतली. ठरलं. गोळी नाही.

"चला मामाजी," ती उठत म्हणाली. "घरीच पाहू आपण."

प्रज्वल उठला नाही. तिनं त्याला काखेत हात घालून उठवलं, तेव्हा हाताला ओल लागली. त्याची चड्डी भिजली होती. बाकावर ओला डाग होता.

"सू लागली होती त सांगितलं काऊन नाई रे?"

तो खाली बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "हाललो असतो त तू मले इथंच ठेवून गेली असती. एस्टीत म्हणाली होती न."

सकाळी एस्टीत तो पुढच्या सीटला लाथा घालत होता. तेव्हा ती काहीतरी बोलली होती. लेकरांना आया म्हणतात तसंच काहीतरी. तिच्या तर लक्षातही नव्हतं.

प्रभाकरराव उठता उठता पुन्हा खाली बसले. प्रज्वलनं आईच्या मुठीतल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"मम्मी, गोळी खाल्ली त मले घरी नेशीन?"

तिच्या उत्तराची वाट न पाहता त्यानं डोळे घट्ट मिटले आणि आ केला. सपनाच्या हातात नुसती चिठ्ठी होती. तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता, जराही न हालता.