चंपतरावांनी दिलेला धीर

"नापास होणं हे शूरांचं काम आहे!" चंपतरावांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं.

शेजारची कोंबडी दचकून कुंपणावर चढली. आतून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा आवाज आला, "काय म्हणून राहिले जी?"

"काही नाही," चंपतराव म्हणाले, आणि उरलेलं भाषण त्यांनी कुजबुजत सुरू केलं.

ओट्यावर बसलेल्या प्रेमिलाने दप्तर जवळ ओढलं. बाबांना कळलं कसं? सहामाहीत गणिताला अठ्ठावीस, ही बातमी तिने शाळेपासून नंदनवन वस्तीतल्या घरापर्यंत कोणाला सांगितली नव्हती. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी, भारताच्या नकाशात गुंडाळलेलं होतं. आईने दिवाळीतच बजावलं होतं, "यंदा नापास झाली तं शाळा बंद. कुहीले मामाकडे धाडीन, धान कापाले." आई बोलते ते करते, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. प्रेमिलानेही मनाशी ठरवून टाकलं होतं: कुही तर कुही. धान कापताना अपूर्णांक तरी लागत नाहीत.

चंपतराव जकात नाक्यावर शिपाई होते. जमादार व्हायला आठवी पास लागते, म्हणून ते वर्षभर रात्रशाळेत जात, आणि तिथले मास्तर आज जे बोलले ते उद्या घरी बोलत. पण आजचं भाषण मास्तरांचं वाटत नव्हतं. त्यांनी चहा नको म्हटलं होतं. चपलाही काढल्या नव्हत्या.

"मार्क म्हणजे काय वं? मास्तरच्या लाल पेन्सिलची लहर! घरी बायको भांडली, का इकडं आपले चार गेले. म्हणून का शाळा सोडाची? अजिबात नाही! पुन्हा बसाचं. अन् घरच्यांपासून लपवाचं तं मुळीच नाही. छाती काढून सांगाचं, हो, झालो नापास!"

आत तवा आपटला. चंपतराव एक पाऊल मागे सरले.

प्रेमिलाने पाहिलं, बाबांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आपल्या अठ्ठावीस मार्कांसाठी हा माणूस एवढा कासावीस व्हावा! कुहीला जायच्या आपल्या बेताची तिला लाज वाटली. ती उठली, नकाशातून प्रगतिपुस्तक काढलं आणि सरळ चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"आई, मी नापास झाली. पण शाळा सोडणार नाही. रोज गणितं करीन."

पंचफुलाबाईंनी भाकरी थापायची थांबवली. तव्यावरची करपली तरी त्या लेकीकडेच पाहत राहिल्या.

"मागच्या खेपेले किती होते?"

"एकोणीस."

"मंग वाढलेच की." त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "सोताहून सांगाले आली म्हणून सोडून राहिली. लपवलं असतं, तं उद्याच्या पहिल्या मोटारीनं कुही. आण तो पेन."

पंचफुलाबाईंची सही म्हणजे सोहळाच. एकेक अक्षर त्या जात्यावर दळल्यासारखं सावकाश काढत, आणि 'पं'वरचं टिंब असं दाबत की ते मागच्या पानावर उमटे. चंपतराव चपलांसकट उंबरठ्यापर्यंत आले होते. मान लांब करून त्यांनी ती सही पहिल्या टिंबापासून शेवटच्या कान्यापर्यंत डोळ्यांत साठवली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण बायकोच्या अक्षराचं त्यांना एवढं कौतुक आजच वाटत होतं.

प्रेमिला उड्या मारतच अंगणात आली. "बाबा, सही झाली! तुम्ही बोलले तसंच केलं. छाती काढून सांगितलं!"

"शाबास," चंपतराव म्हणाले. मग त्यांनी मागे चुलीकडे पाहिलं, लेकीला हात धरून कुंपणापाशी नेलं, आणि खाकी सदऱ्याच्या आतून, घामाने भिजलेलं दुसरं एक प्रगतिपुस्तक बाहेर काढलं.

"रात्रशाळेतही घरच्यांची सही लागते वं," ते कोंबडीलाही ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले. "ते आईसारखं टिंब तुले जमते काय?"