आई नसल्याचे टक्के

"मृण्मयीला एक्क्याऐंशी टक्के," टेबलावरचं यंत्र म्हणालं, "आणि शर्वाणीला अडतीस."

अमेरिकेतलं ते छोटं, नावाजलेलं कला महाविद्यालय दोघी मैत्रिणींना हवं होतं. अर्जासोबत स्वतःच्या आयुष्यावर एक निबंध लागे. अर्ज करण्याआधी यंत्राला निबंधासकट आपली सगळी माहिती द्यायची आणि प्रवेशाची शक्यता विचारायची, असंच आता सगळे करत. यंत्राचा अंदाज सहसा चुकत नसे.

शर्वाणीचा चेहरा उतरला. "मार्क मला जास्त, नाटकाचं बक्षीस मला. मग हिला कशाचे एवढे?"

"आई गेल्यावर तिने घर सांभाळलं. त्यावरच्या निबंधाचे पंचेचाळीस."

"तुझं बरंय बाई," शर्वाणी मृण्मयीला म्हणाली. "आमच्याकडे सगळे ठणठणीत. मी लिहू कशावर?"

मृण्मयी नुसती हसली. तिचे वडील दिगंबर चहा घेऊन येत होते, ते दारातच थांबले. तेवढ्यात शर्वाणीचा फोन वाजला.

"हो गं आई, जेवायला घरीच येतेय. किती वेळा विचारशील?" असं म्हणून तिने वैतागून फोन ठेवला.

दिगंबर त्या फोनकडे बघत राहिले. एवढा हेवा त्यांना आजवर कुणाच्या बंगल्या-गाडीचाही वाटला नव्हता. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि यंत्राला विचारलं, "हिची आई आज असती, तर हिला किती मिळाले असते?"

"छत्तीस."

"मग छत्तीसच दे."

"तशी सोय नाही," यंत्र म्हणालं.