चार दिवसांची नवरी

"लग्न कधी झालं?" समितीच्या अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"गुरुवारी," सोमी म्हणाली.

आज सोमवार होता. टेबलापलीकडच्या पाच जणांनी एकमेकांकडे बघितलं. सोमीने हळदीने पिवळे झालेले हात पदराखाली घेतले.

दोन मजले खाली रघ्या डायलिसिसवर होता. झरीचा रघ्या, डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरी करणारा. दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आता हाताची शीरही सुई घेईना. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. धाकट्या भावाचा, तुक्याचा रक्तगट जुळला नाही. सोमीचा जुळला. ते कळलं तेव्हा ती मुंबईच्या या दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली होती. आनंदाने कोणी रडतं हे तिला तोवर खोटं वाटायचं.

मग खिडकीवरच्या बाईंनी कागदांची यादी दिली. पहिलाच कागद लग्नाचा दाखला. तो नसेल तर किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे फाइल जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. सोमीने वेळ घालवला नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी रघ्याला गाडीत घालून झरीला नेलं. अंगणात मांडव घातला. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी आली. रघ्याला धड उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसवूनच हळद लावली. ग्रामसेवकाने दाखलाही लगेच दिला.

वर येताना तुक्याने तिला सांगून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं. आपल्या चालीरीती या लोकांना पटत नाहीत, उगाच काही बोलून बसलीस तर हातचं जाईल. सोमीला ते पटलं होतं. साहेबलोकांसमोर कमी बोललेलं बरं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली. आधारकार्डावर नवऱ्याचं नाव का नाही, त्यांनी विचारलं. चाळिशीत पहिलंच लग्न? सोमी गप्प. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या की कोणी पैसे देऊ केले असतील तर घाबरू नका, आम्ही तुम्हाला यातून सोडवू. सोडवू म्हणे! सोमीच्या जिवाची नुसती काहिली झाली. तिला वाचवायला पाच जण बसले होते आणि रघ्याला वाचवायला त्यातला एकही नव्हता.

"बाई, चार दिवसांच्या नवऱ्याला कोणी किडनी देतं का?"

तिने मान खाली घातली. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं. नकार लिहायच्या आधी रीत म्हणून फाइल एकदा चाळली. शेवटच्या पानावर लग्नाचा फोटो होता. तुक्याने तो तलासरीच्या स्टुडिओतून दोन्ही बाजूंनी कापून आणला होता, नवरा-नवरी तेवढी दिसतील असा. खुर्चीत रघ्या, शेजारी मुंडावळ्या बांधलेली सोमी. अध्यक्षांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कापलेल्या कडेकडून एक इवलासा हात आत आला होता. त्याने नवरीची मुंडावळी मुठीत घट्ट धरली होती.

"हा हात कोणाचा?"

सोमीने दाराकडे पाहिलं. तुक्या बाहेर होता. तिला एकाएकी तुक्याचा, दाखल्याचा आणि स्वतःच्या गप्प बसण्याचा भयंकर राग आला.

"सायब, आमच्यात संसार आधी मांडतात. लगीन जमेल तेव्हा लावतात," ती म्हणाली. "हा हात माझ्या नातवाचा."