डोळ्यांची आखणी

मालकांनी सकाळीच शेवंताला बाजूला घेतलं. "अण्णांनी आखलेल्या चार गणपतींचे डोळे तिरके झालेत. म्हाताऱ्याला तूच सांग. माझं तोंड फटकळ, मी बोललो तर तो कायमचा उठून जाईल."

कारखान्यात मूर्तींचे डोळे चाळीस वर्षं धर्माअण्णाच आखत आले होते. शेवंता त्यांच्याच हाताखाली शिकली. तिची पहिली मूर्ती बघून ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "देव केलास की बुजगावणं?" तो घाव अजून ओला होता. आज उट्टं काढता आलं असतं. पण पाठीत वाकलेल्या, दमून भिंतीला टेकलेल्या अण्णांकडे बघून तिची जीभ रेटेना.

शेवटी तिने एक मूर्ती उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "अण्णा, मी अगदी पुढ्यात बसले तरी हा बाप्पा माझ्याकडे बघत नाही. डावं बुबुळ जरा आत घ्यावं का?"

अण्णांनी चष्मा पुसला, मूर्ती उजेडाकडे फिरवली. मग त्यांनी कुंचला तिच्यापुढे धरला.

"तूच घे. मी आता दागिने रंगवीन." जरा थांबून म्हणाले, "असं बोलायला कुणी शिकवलं गं तुला? मी तर नाही."

"तुम्हीच, अण्णा," बुबुळ पुसता पुसता ती हळूच म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकून रोज घरी जाताना ठरवायचे, आपण कुणाला असं बोलायचं नाही."

अण्णांनी मान खाली घातली आणि सोनेरी रंगाची वाटी जवळ ओढली.