खुबा

स्प्लिट करताना मुलगी जमिनीला टेकत नव्हती, म्हणून जिम्नॅस्टिक्सच्या सरांनी तिच्या मांडीवर गुडघा रोवला. काचेपलीकडून आईने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुब्याचा सांधा सुजलाय, महिनाभर ताण नको, असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं आणि तिने ते सरांच्या कानावर घातलंही होतं. पोरगी ओठ चावत होती, रडत नव्हती. रडणाऱ्यांना सर घरी पाठवत. आई दार ढकलून आत घुसली. "उठा तिच्यावरून!" "ताई, लाड करून पदकं मिळत नाहीत. सांधे दाबूनच मोकळे होतात." "मग बसा खाली. तुमचे मी दाबते!" सर हसले. आईने लेकीला हातांवर उचललं, तेव्हा कुठे ती रडली. काचेआड बाकीच्या आया बसून होत्या. "बघत काय बसलात?" आई कडाडली. एकीने उठून आपल्या लेकीला हाक मारली.