हुमणीचा घास

नांगरटीत पाय चेमटलेला मुठीएवढा काटेरी जीव कन्हेरी गावच्या आबाजींनी साळिंदराचं पिल्लू समजून उपरण्यात घरी आणला. मायेनं म्हशीचं दूध पाजलं, तर पोटच बिघडलं. फोटो बघून जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “आबा, साळिंदर नव्हे, हा किडे खाणारा हेजहॉग. दूध बंद, किडे चारा.” आबाजींचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेकडं गेला. “माळकरी माणूस मी. जित्ता जीव कसा चारू?” “उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला औषध सोडता, तवा आडवी येती का माळ?” बायको फणकारली. आबाजींनी माळ खुंटीला अडकवली. उसाच्या मुळाशी उकरून गलेलठ्ठ हुमणी आणली. बऱ्याच वेळानं काटे सैलावले, ओलं नाक बाहेर आलं आणि तळहातावरची अळी गट्टम झाली. “जेव, माऊली,” आबाजी पुटपुटले. बायकोनं खुंटीवरची माळ त्यांच्या गळ्यात घातली. “अगं, हात तरी धुऊ दे!” “ऱ्हाऊ द्या. अजून चार आणायच्यात.”